लाल फलालीनची कव्हरं

गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बदलापूरच्या एका नव्या दवाखान्यात. एक नर्स मुलगी यायची आणि दर वेळी विचारायची, "आजोबा, तुमचं नाव सांगा." मनगटाला पट्टा बांधलेला, त्यावर नाव छापलेलं, तरी विचारायची. शेवटी मी चिडलो. म्हटलं, "बाई, सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं. मी काय चोर आहे का, नाव बदलायला?" ती हसली. म्हणाली, "आजोबा, आमच्या मॅन्युअलमध्येच आहे. नाव विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही." सून बाजूला बसली होती, ती म्हणाली, "बाबा, चांगलंच आहे ना." चांगलंच आहे. मी कुठे वाईट म्हणतो? पण मॅन्युअल हा शब्द कानावर पडला की माझं तोंड अजून कडू होतं. त्या मुलीला ते काय माहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडलो, आणि ती समजली म्हातारा रुसला.

मी सातवी नापास माणूस. लिहायची सवय नाही. हे मी वहीत हाताने लिहितो आणि नातू ते कॉम्प्युटरवर उतरवतो. त्याला सांगून ठेवलंय, शब्द बदलायचा नाही. शुद्ध करायचं असेल तर माझ्या मागे कर.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात राहत होतो. बराकीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोली काढलेली, त्यात आई, बाबा, माझ्या दोन धाकट्या बहिणी आणि मी. भिंतीपलीकडे एका सिंध्याचा कारखाना होता, प्लास्टिकच्या बटणांचा. त्याचं मशीन दिवसभर ठक्क, सूं, ठक्क, सूं करायचं, आणि आमच्या फळीवरची पितळी भांडी त्या तालावर हलायची. मीही तिथेच कामाला होतो, बटणांच्या कडा घासायला. बाबा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत होते, पण त्या वासाने छाती गेली आणि कंपनीने घरी बसवलं. घरी बसलेला माणूस खोकतो आणि सल्ले देतो. बाबांनी दोन्ही कामं मन लावून केली.

घर चालायचं आईवर. आई एका ट्रस्टच्या दवाखान्यात आया होती. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, लिहून आता कोणाचं भलं होणार नाही. आया म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नसेल. भांडं द्यायचं, भांडं उचलायचं, बाळंतिणीला धरून चालवायचं, रडणाऱ्या नातेवाइकाला दटावायचं, शेकायच्या पिशव्या भरायच्या. डॉक्टर सही करणार, सिस्टर सुई देणार, आणि उरलेला सगळा माणूस आयाच्या अंगावर. पेशंट तिला मावशी म्हणत. सखू म्हणणारी एकटी मेट्रन.

माझी आई काही गरीब गाय नव्हती. कोणी लिहितात ना, आई म्हणजे वात्सल्य, आई म्हणजे सोसणं. आमची तशी नव्हती. ती वॉर्डात शिरली की बायका पदर सावरून बसत. निळ्या काठाची पांढरी साडी, तोंडात मशेरीचा वास, आणि आवाज असा की भेटीची वेळ संपली म्हणून ओरडली तर रस्त्यावरचा टांगेवाला घोडा आवरायचा. मुलगा झाला की खुशीचे पैसे मागून घ्यायची, मुलगी झाली तरी मागायची. "पोरगी झाली म्हणून मी कमी धुतलं काय रे तुझ्या बायकोला?" असं बापाला तोंडावर विचारायची. दवाखान्याचं फिनाईल बाटलीत घालून घरी आणायची, ते मी लपवणार नाही. आमची मोरी त्या बराकीत सगळ्यांत स्वच्छ होती.

आणि खाणं. सिंधी बाळंतिणींच्या घरून डबे येत, त्यातलं उरलंसुरलं आईच्या डब्यात पडायचं. संध्याकाळी तिच्या चपला दाराशी वाजल्या की आम्ही तिघं डब्याभोवती. कधी जाड कोकी, कांदा मिरची घातलेली. कधी साई भाजी, हिरवीगार, आंबूस. कधी पकवानाचे, म्हणजे त्यांच्या कडक तळलेल्या पुरीचे तुकडे, डाळीत भिजून मऊ झालेले. घरची तांदळाची भाकरी आणि सुकट तर होतीच, पण त्या डब्याला डेटॉलचा जो बारीकसा वास असायचा ना, तो आम्हाला जेवणाचाच वास वाटायचा. माझी धाकटी बहीण लग्न होऊन मुरबाडला गेली तेव्हा म्हणाली होती, सासरच्या जेवणाला वासच नाही.

त्या दवाखान्यात एक मॅन्युअल होतं. निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पेशंटला कसं वळवायचं, कसं पुसायचं, कुठली गोष्ट कशी द्यायची, सगळं त्यात छापलेलं. ते मेट्रनच्या खोलीत काचेच्या कपाटात असायचं आणि वर्षातून एकदा बाहेर निघायचं, खंडेनवमीला. बाबांच्या कंपनीत पान्यांची, हातोड्यांची पूजा व्हायची, तशी दवाखान्यात कात्र्यांची, वजनकाट्याची आणि त्या पुस्तकाची. आई स्वतः रांगोळी काढायची. पुस्तकाला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, पेढा ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत कपाटात. मी लहानपणी पेढ्यासाठी जायचो. मला कित्येक वर्षं वाटायचं ती देवाची पोथी आहे.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी दवाखान्याला नर्सिंगचं कॉलेज काढायचं होतं. त्याची परवानगी द्यायला मोठी माणसं बघायला येणार होती. सगळे त्याला व्हिजिट म्हणत. व्हिजिट म्हटलं की मेट्रनच्या अंगात यायचं. भिंतींना चुना, पलंगांना रंग, खिडक्यांना पडदे. मॅन्युअलमध्ये म्हणे लिहिलं होतं की शेकायच्या पिशवीला कापडी कव्हर पाहिजे. तोवर कोणी कव्हर बघितलंही नव्हतं. आई काय करायची, जुन्या टर्किश टॉवेलचे दोन जाड तुकडे तिने ठेवले होते, गरम पाण्याच्या पिंपामागे खिळ्याला अडकवलेले. मळलेले, कडा गेलेल्या, पण जाड. पिशवी भरली की त्यात गुंडाळायची. पाणी ती उकळतंच भरायची. कोमट दिलं की पेशंटची माणसं कुरकुरायची, थंड दिलं म्हणून बोंब मारायची, आणि खुशी कापायची. टॉवेल जाड म्हणून आतलं पाणी कितीही कढत असलं तरी चालून जायचं. हे तिचं शास्त्र. चूक की बरोबर ते तुम्ही ठरवा. माझ्या माहितीत तोवर कोणाला चटका बसला नव्हता.

मेट्रनने लाल फलालीनचं कापड आणलं आणि आईला दिलं, "सखू, घरी बसून शिवून आण, तुझा हात बारीक आहे." शिवणावळ वगैरे काही नाही. पण आईला त्याचा केवढा मान वाटला! बहिणींना हात धुवायला लावून तिने कापड कापायला घेतलं. घरभर नव्या कापडाचा गोडसर वास. बाबा खोकत म्हणाले, "फुकट शिव, शिव. तुझ्या नावाने पाटी लावतील." आई म्हणाली, "तुमच्या नावाची लागली का एवढा धूर गिळून?" प्रत्येक कव्हराला तिने नाडी लावली, कडेला टाके घातले. लाल कव्हरं घडी करून तिने जुन्या लुगड्यात बांधून नेली. जशी काय रुखवत नेत होती.

मेट्रनने ती कव्हरं काचेच्या कपाटात मांडली, मॅन्युअलच्या शेजारी, आणि कुलूप लावलं. व्हिजिटपर्यंत मळायला नकोत म्हणून. किल्ली मेट्रनच्या कमरेला. आणि व्हिजिटच्या आठवडाभर आधी सफाईचा हुकूम निघाला, वॉर्डात एक चिंधी दिसता कामा नये. पिंपामागचे टॉवेलही त्यात गेले. मागच्या अंगणात ढीग करून पेटवला. आई म्हणाली होती, "बाई, मग पिशव्या कशात गुंडाळू?" मेट्रन म्हणाली, "थोडे दिवस सांभाळून घे."

थोडे दिवस सांभाळून घे. आपल्याकडे सगळी कामं याच वाक्यावर चालतात. रेल्वेच्या फाटकापासून मंत्र्याच्या बंगल्यापर्यंत.

पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं, घडलं त्याच संध्याकाळी, तिला काय बोलायचं ते अजून कोणी शिकवलं नव्हतं तेव्हा. म्हणून मी ते खरं धरतो. एक सिंधी सून, पहिलटकरीण, पोट कापून मूल काढलेलं. कमरेत सुई देऊन पाय बधिर केलेले. थंडगार थिएटरातून वॉर्डात आणली तेव्हा ती पलंगासकट हलत होती, इतकी हुडहुडी. ड्युटीवर कुंदा सिस्टर. कुंदा म्हणजे बदलापूर गावातली, नुकती कोर्स करून लागलेली पोरगी, आईच्या हाताखाली शिकली म्हटलं तरी चालेल. दुपारी आमच्या घरून आलेली भाकरी दोघी वाटून खायच्या. कुंदा ओरडली, "मावशी, पिशव्या आण गं लवकर, पेशंट गार पडलीय." आणि त्या सुनेची सासू पलंगाशी उभी. ती म्हणाली, "बाई, अच्छा गरम देना. कल बाजूवाली को ठंडा दिया था तुम लोगों ने." आई म्हणाली, "अम्मा, ऐसा गरम देती की पोता उठके दूध मांगेगा." सासू हसली. दोघी हसल्या.

आईने पिशव्या भरल्या, उकळत्या. टॉवेल नाहीत. मेट्रनच्या खोलीकडे गेली, तर मेट्रन ट्रस्टींबरोबर गच्चीवर पाण्याच्या टाकीचा रंग बघायला गेलेली. इकडे कुंदाच्या हाका. आईने पलंगावरच्याच चादरीचं एक टोक पिशव्यांवर घेतलं, त्या पोटऱ्यांना लावून ठेवल्या, वरून ब्लँकेट घातलं. बाई थरथरायची थांबली. सासू खूश झाली, तिने खुशी दिली. बधिर पायाला काय कळणार? संध्याकाळी ब्लँकेट काढलं तेव्हा पिशवी उचलताना पोटरीचं कातडं पिशवीसंगं आलं.

आई घरी आली तेव्हा डबा रिकामा होता. चपला काढल्या नाहीत, तशीच उंबऱ्यावर बसली. हात पुढे करून बघत होती. म्हणाली, "तिला कळलंच नाय रे. ती माझ्याकडं बघून हसत होती." पलीकडचं मशीन चाललं होतं. बहिणी रडायला लागल्या, का ते त्यांनाही कळलं नसेल.

मॅन्युअलमध्ये त्याचंही पान होतं. पाणी किती कढत, पिशवी अर्धीच भरायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, कव्हर घालायचं, आणि पाय बधिर असतील तर द्यायचीच नाही किंवा लांब ठेवायची आणि पुन्हा पुन्हा बघायचं. हे पान कुंदाने कोर्सला असताना पाठ केलं असेल. मेट्रननेही कधीतरी केलं असेल. आईने तर त्या पुस्तकाला फक्त कुंकू लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनने आईला लिनन रूममध्ये घेतलं, दार लावून. काय बोलणं झालं ते आईने घरी येऊन सांगितलं, भाकरी थापता थापता. चौकशी होणार. पेशंटचा नवरा बसणार, ट्रस्टी बसणार. कुंदा सांगणार की मी मावशीला नीट सांगितलं होतं, पाणी बघून दे, गुंडाळून दे. आईने फक्त हो म्हणायचं. अडाणी बाई, विसरली, चुकली. मग तिला वॉर्डातून काढून लॉन्ड्रीत टाकतील, पगार तोच. आणि कॉलेज सुरू झालं की मला वॉर्डबॉय म्हणून चिकटवतील. पर्मनंट.

"आणि नाही म्हटलंस तर?" मी विचारलं.

"नाय म्हटलं तर घरी. पोलीस पण बोलावतील म्हणे."

बाबा म्हणाले, "हो म्हण. बोलल्याने अंगाला भोकं पडत नाहीत."

मी म्हटलं, "कव्हरं कपाटात होती ना? टॉवेल त्यांनीच जाळले ना?"

आई तव्यावरून भाकरी उलटवत म्हणाली, "व्हती. म्हणून काय झालं? तू गप जेव."

मी गप जेवलो. म्हणजे आईला वाटलं मी मान्य केलं. मी कधी मान्य केलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

चौकशीला आई मला घेऊन गेली, कारण बाबांना जिना चढवत नव्हता. शिपाई म्हणाला, "मावशी, मुलाला बाहेर बसव." आई म्हणाली, "का? माझा मुलगा लिहिता वाचता हाय. काय लिहितील ते तो बघंल." सातवी नापास पोराचा केवढा तिला तोरा! ट्रस्टी साहेब म्हणाले, "येऊ दे, येऊ दे." मी तिच्या मागे उभा राहिलो. चौकशी मेट्रनच्याच खोलीत, तिथे नव्या रंगाचा वास. टेबलामागे ट्रस्टी साहेब, बाजूला मेट्रन, पुढ्यात ते निळं मॅन्युअल. खुर्चीवर त्या बाईचा नवरा, तरुण, कापडाच्या दुकानातला, डोळे सुजलेले. भिंतीशी कुंदा, हातात रुमाल पिळत. बसायला आईला कोणी सांगितलं नाही.

कुंदा बोलली. मेट्रनने जसं सांगितलं होतं तसंच बोलली, मान खाली घालून. ट्रस्टी साहेबांनी विचारलं, "बाई, हे खरं?" आई म्हणाली, "व्हय साहेब. सांगितलं व्हतं. मीच इसरले." झालं होतं. तिथेच संपवायचं होतं त्यांनी. पण नवरा म्हणाला, "ऐसे कैसे भूल गई? मेरी बीवी का पैर गया. इनको कुछ सिखाते हो कि नहीं?" आणि मेट्रनला आपण शिकवतो हे दाखवायचं होतं. तिने मॅन्युअल उघडलं. बहुधा त्या पानापर्यंत ते कधी उघडलं गेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली, ती बोटाला थुंकी लावून सोडवत होती. सापडलं तेव्हा तिने आधी इंग्रजीत वाचलं, मग आईकडे बघून म्हणाली, "सखू, नीट ऐक. पिशवी मनगटाला लावून बघायची. म्हण."

आई म्हणाली, "मनगटाला लावून बघायची."

"मोठ्याने."

"मनगटाला लावून बघायची."

"हात करून दाखव."

आईने रिकामा हात उचलला आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला लावला. जिच्या आवाजाने रस्त्यावरचा घोडा बिचकायचा, ती बाई शाळेतल्या पोरीसारखी उभी. ट्रस्टी साहेब कौतुकाने मान हलवत होते, बघा, शिकतेय. मग मेट्रन म्हणाली, "पिशवीला कव्हर घालायचं. म्हण."

आई म्हणाली, "कव्हर घालायचं."

ती कव्हरं तिने स्वतः शिवली होती. ती टेबलामागच्या कपाटात आम्हा सगळ्यांना दिसत होती, लाल, कोरी, घड्या न मोडलेली. माझ्या कानात ठक्क, सूं सुरू झालं. मी म्हटलं, "कव्हर कशाचं घालणार? ती तिथे कुलपात आहेत. किल्ली तुमच्या कमरेला आहे."

आईने न वळता माझा हात धरला आणि नखं रुतवली. मी थांबलो नाही. टॉवेल कोणाच्या हुकुमाने जाळले ते सांगितलं. सांभाळून घे कोण म्हणालं ते सांगितलं. कुंदाने गुंडाळून दे असं काही सांगितलं नव्हतं, फक्त लवकर आण म्हणाली होती, तेही सांगितलं. पाणी आईनेच कढत भरलं, हेसुद्धा सांगितलं. मी कोणाला वगळलं नाही. नवऱ्याला मराठी येत होतं. तो उभा राहिला आणि कपाटाकडे बघायला लागला.

ट्रस्टी साहेबांनी आवाज अगदी मऊ केला. मऊ आवाजाच्या माणसाला मी तेव्हापासून भितो. म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा म्हणतो ते खरं आहे का?"

आई माझ्याकडे वळली. माझा चेहरा जणू पहिल्यांदा बघत होती. मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "नाय साहेब. पोरगा बटणाच्या कारखान्यात असतो, त्याला दवाखान्यातलं काय ठाव? लबाड हाय तो. लहानपणापासनं लबाड हाय."

मी जन्मात पुष्कळ शिव्या खाल्ल्या. सुपरवायझरच्या खाल्ल्या, युनियनवाल्यांच्या खाल्ल्या, एकदा हवालदाराच्या काठीबरोबर खाल्ल्या. एकही लक्षात नाही. ही आहे.

तिच्या खोटं बोलण्याचा उपयोग झाला नाही. नवऱ्याने बाहेर जाऊन भाऊबंद गोळा केले, दवाखान्याच्या फाटकात आरडाओरड झाली. व्हिजिट दोन दिवसांवर. ट्रस्टने त्याचं बिल माफ केलं, बायकोला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा खर्च दिला, आणि आईला व कुंदाला एकाच दिवशी काढलं. बेजबाबदारपणा. मेट्रन रिटायर होईपर्यंत राहिली, कॉलेजला परवानगी मिळाली, आणि ऐकलं ते खरं असेल तर लाल कव्हरं बघून व्हिजिटवाले फार खूश झाले. त्या सुनेचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आई मात्र कोणी सिंधी बाई लंगडताना दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

आता दवाखान्यात पोस्टर लावतात, चूक झाली तर लपवू नका, सांगा, कोणाला शिक्षा होणार नाही. माझ्या खाटेसमोरच होतं, मराठीत, हसऱ्या नर्सच्या चित्रासकट. मी त्या मुलीला विचारलं, "हे खरं का गं?" ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "लिहिलंय तसं, आजोबा." हुशार आहे पोरगी.

आईला काढल्यावर आठवड्याभराने कुंदा आमच्या घरी आली, वडलांना घेऊन. वडील शेतकरी माणूस, टोपी हातात घेऊन दाराबाहेरच उभे. कुंदाने युनिफॉर्मऐवजी साधी साडी नेसली होती आणि मला क्षणभर ओळखू आली नाही. ती सरळ माझ्याशी बोलली. "मेट्रनबाई म्हणतात, व्हिजिट झाली, साहेब आता शांत आहेत. तू एकदा येऊन सांग, रागाच्या भरात बोललास. लिहून दे. मग ते मला घेतील परत. मावशीला पण लॉन्ड्रीत घेतील."

मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोललो असं लिहून देऊ?"

"रागात बोललास असं लिही. खोटं असं नको लिहू."

"एकच ते."

"एकच कसं रे?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या नावावर बेजबाबदार लिहिलंय. मला कुठला दवाखाना घेणार? बापाने बैलजोडी विकून कोर्स केला माझा."

"सिस्टर, तुम्ही म्हणाला होता का गुंडाळून दे?"

ती दाराबाहेर वडलांकडे बघायला लागली.

"म्हणाला होता का?"

बाहेरून तिचे वडील म्हणाले, "बाबा, तू खरा. आम्ही खोटे. आता तर झालं? आता ये."

मी नाही म्हटलं. आई चुलीजवळ पाठ करून बसली होती. कुंदा माझ्या पाया पडायला वाकली तसा मी मागे सरलो आणि कारखान्यात निघून गेलो. सुट्टी होती त्या दिवशी. बंद मशीनपाशी बसून राहिलो. मी आजही नाहीच म्हणेन. कुंदा पुढे कुठल्याशा डॉक्टरकडे पेशंटच्या नंबरच्या चिठ्ठ्या फाडायला लागली एवढं ऐकलं. आईने सिंध्यांच्या घरी पापड लाटायला घेतले ते हात थकेपर्यंत लाटले. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत लागलो आणि बहिणींची लग्नं केली. लोक म्हणतील, तुझ्या खऱ्यापायी दोन बायकांचं वाटोळं झालं. ज्यांनी वाटोळं केलं त्यांना कोणी कधी असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी घरी परतलो तेव्हा कुंदा आणि तिचे वडील गेले होते. बाबा झोपले होते, निदान खोकत नव्हते. बहिणी कोपऱ्यात. आईने माझं ताट वाढलं. भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी. इतरांपेक्षा जास्तच वाढलं होतं. ताट पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "खरं बोललास ना? आता तेच जेव. उद्यापासनं घरात दुसरं काय नाय." आणि भिंतीला टेकून माझ्याकडे बघत बसली, मी काय करतो ते.

मी जेवलो. पिठी संपवली, चटणी संपवली, ताटाला लागलेलं एकेक शीत बोटाने टिपून खाल्लं. काही टाकलं असतं, तर मी चुकलो असं तिने धरलं असतं.